उघड्यावरची भट्टी

जठारपेठ, अकोला
१२ जानेवारी २००७

प्रिय नसीम,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही. आधी कोणता घ्यायचा ते तू ठरव. आम्ही इकडे खुशाल आहोत. तिकडे तू, तुझे भाऊ-भावजय आणि घरातली लेकरं बरी असाल. सोबत तिळगुळाची पुडी आहे. यंदा पाक जरा पुढे गेला, वड्या दगड झाल्यात, तेव्हा दात सांभाळून खा. गोड बोल असं काही मी तुला सांगणार नाही. ते तुला नव्या नवरीच्या वयातही जमलं नव्हतं.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर आपलं काय होतं ते पाहतेस ना. तुझा एक कान गेला, माझे दोन्ही चाललेत. तू ओरडतेस 'हां, बोल', मी ओरडते 'हां, ऐकू येतंय', आणि दोघी ठेवून देतो. पुष्करच्या मोबाइलवर बोलावं तर तो शेजारी उभा राहून घड्याळ बघतो. पोराच्या देखत काय डोंबल बोलणार. तेव्हा तूही पत्रच लिही, आणि पुस्तकी लिहू नकोस. आपण गिरणीच्या पटांगणात बोलायचो तसं लिही.

तुझा निरोप पोचला. गुलफामला कामावर धाडशील, पण तो फक्त पत्र्याचं काम करेल, गॅसला हात लावणार नाही, आणि विमलनं स्वतः शब्द दिला तरच. पुष्कर हे सांगताना जरासा हसला. मी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. म्हटलं, बाबा, त्या बाईनं काय पाहिलंय ते तुला माहीत आहे, मग दात कशाला काढतोस. तुझे गफ्फारभाई ज्या हॉटेलात गॅसच्या आगीत गेले, ती जागा बस स्टँडकडे जाताना अजून दिसते. आता तिथे कपड्याचं दुकान आहे. मी त्या बाजूनं जाते तेव्हा रिक्षावाल्याला दुसरा रस्ता घ्यायला लावते.

तर हा माझा शब्द, माझ्या अक्षरात. तुझा मुलगा गॅसच्या नळीला, कॉकला, सिलिंडरला, कशालाही हात लावणार नाही. ते सगळं कंपनीचा माणूस करेल. गुलफामनं पत्रा वाकवायचा, जेवायचं, आणि माझ्या घरी झोपायचं.

हे काम तरी काय ते सांगते. तुला आठवतं, पावसाळा लागला की आपली गिरणी आजारी माणसासारखी पडून राहायची. तुरीला तेल लावलं, पाणी दिलं, पण ऊन नाही, मग वाळणार कशी. आता तर पाऊस पावसाळ्यातही धड येत नाही आणि भर वाळवणात येतो. मागच्या फाल्गुनात पटांगणभर पसरलेली तूर भिजली आणि तिला कोंब आले. त्यात खेड्यातून माल येतो तोही कसला, बारीक, सुरकुतलेला. शेतातच दम राहिला नाही तर दाण्यात कुठून येणार. आजूबाजूच्या किती गिरण्यांना कुलपं लागली ते मी मोजणं सोडून दिलंय. पुष्कर म्हणाला, आई, आता ऊन विकत घ्यावं लागेल.

म्हणून त्यानं गॅसवर चालणारी गरम हवेची भट्टी मागवली आहे. ती गिरणीच्या आत ठेवायची नसते. आत दाळीची भुकटी उडते, बारदान असतं, एक ठिणगी पुरते. ती बाहेर उघड्यावर बसवायची. ज्योत बाहेर, आणि पंखा गरम हवा ढकलणार पत्र्याच्या मोठ्या बोगद्यातून, भिंतीतून आत, वाळवणाच्या जाळीखाली. हा बोगदा कुठे फुटका राहून चालत नाही. पुष्कर म्हणाला, असा पत्रा अकोल्यात एकच माणूस जोडायचा, आणि आता त्याचा मुलगा अमरावतीला आहे. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

भट्टी पटांगणात कुठे बसवायची हे अजून ठरायचं आहे.

तू स्वतः मुलाला पोचवायला आलीस तर किती बरं होईल. गफ्फारभाईंनंतर भावाकडे गेलीस, ती इतक्या वर्षांत एकदाही आली नाहीस. अमरावती ते अकोला म्हणजे काय विलायत नव्हे. पण तुला बळजबरी करत नाही.

तुझी,
विमल


अकोला
१० मार्च २००७

प्रिय नसीम,

तू पाठवलेली संत्री मिळाली. शेंदूरजनाघाटची आहेत हे साल सोलतानाच कळलं, सगळं घर दरवळलं. तू पहिल्यांदा गिरणीत आलीस ती अशीच टोपलीभर संत्री डोक्यावर घेऊन, आणि गफ्फारभाई मागे ट्रंक घेऊन. मीही त्याच वर्षी लग्न होऊन आले होते. सासूबाईंच्या धाकानं बोलायला कोणी नव्हतं. तू आल्या आल्या विचारलंस, 'तुमच्याकडे नवरीले दुपारी झोपू देतात का नाई?' मी नाही म्हटलं. तू म्हणालीस, 'मंग माह्या खोलीत येऊन झोपत जा, सांगाचं की दाळ फिरवून राहिली.' कितीतरी दुपारी मी तुझ्या खोलीत झोपले आणि सासूबाईंना वाटत राहिलं की सून मोठी कामाची आहे.

गुलफाम बरा आहे. जेवतो नीट. श्रावणीच्या हातची, म्हणजे माझ्या सुनेच्या हातची वरणफळं त्याला आवडतात, पण तिला सांगतो की मावशीसारखी होत नाहीत, म्हणून दोघांचं रोज भांडण. उंचीनं बापापेक्षा मोठा झाला. पण नसीम, तो पत्रा ठोकायला बसला आणि मी आत भाजी चिरत होते, तर माझा हात थांबला. तोच ठोका. आधी दोन हलके, मग एक जोरात. मी विळी सोडून बाहेर आले. कोणाला पाहायला आले तेच मला कळेना. त्यानं वर पाहिलं, म्हणाला, 'काय झालं मावशी?' म्हटलं, काही नाही, चहा घेतोस का. चहा मी त्याला आत्ताच दिला होता.

लाकडी हातोडा गफ्फारभाईंचाच आहे, त्याची मूठ काळी पडलेली तशीच. पत्र्याची कड दुमडून दुसऱ्या पत्र्यात अशी अडकवतो की नख जात नाही. पुष्कर अंधारात आत दिवा लावून बोगदा तपासतो, कुठून उजेड बाहेर येतो का ते बघतो. मग दोघं मिळून वाद घालतात. लहानपणी तुरीच्या ढिगात लोळून अंगभर खाज घेऊन यायचे आणि आपण दोघी त्यांना एकाच दोरीनं झोडपायचो, ते हेच दोघं. पार्वताबाईनं तर परवा त्यांना सांगितलंच, 'तुमाले दोघाले म्या याच पटांगणात धुतलं होतं, आता मले शिकवू नका कुठून चालाचं.' पार्वताबाई अजून आहे. कंबर वाकली पण वाळवणावर येते. भट्टी आली तरी बायकांना काढायचं नाही, चाळणीवर घ्यायचं, हे मी पुष्करकडून कबूल करून घेतलंय.

कुठून चालायचं हा वाद का निघाला ते सांगते. भट्टीभोवती त्यांनी चुन्याची रेघ ओढली आहे. रेघेच्या आत बारदान नको, पोतं नको, लाकूड नको, माणसानंही उगाच थांबायचं नाही. वरही काही नको. तिचं धुराडं मोकळं हवं आणि तिला श्वास घ्यायला हवा मोकळी हवी, असं पुष्कर म्हणतो. मी सुचवलं होतं की मागे नालीजवळ ठेवा म्हणजे पटांगण मोकळं राहील. तर दोघं एकदमच नाही म्हणाले. हा गॅस हवेपेक्षा जड असतो म्हणे, कुठे गळला तर जमिनीवरून सरकत नालीत उतरतो आणि तिथे दबा धरून बसतो. खिडकीखाली नको, तिचा धूर आत जाईल. विहिरीकडे नको, खोलगट आहे. असं करत करत शेवटी एकच जागा उरली.

नसीम, ती जागा म्हणजे तुझी खोली. खोली तर मागेच पडली होती, जोतं तेवढं शिल्लक होतं. त्यावरच सिमेंटचा उंच ओटा घातला. मागच्या पत्रात मी लिहिलं की जागा ठरायची आहे. तेव्हाही मला अंदाज होता, पण लिहवलं नाही. जोतं उकरताना तुझी चूल निघाली, काळी माती तशीच होती. गुलफाम थोडा वेळ तिथे उकिडवा बसून राहिला. मग म्हणाला, 'आगीचीच जागा आहे मावशी, चालते.'

कंपनीचा माणूस आला, सिलिंडरची जाळी दूर भिंतीकडे लावली, नळी टाकली आणि गेला. तपासायला पुन्हा येणार आहे. गुलफाम काय करतो विचारशील तर पत्रा ठोकतो. दिवसभर पत्राच ठोकतो. त्याची काळजी करू नकोस.

बाकी विशेष काही नाही. ऊन तापायला लागलंय. माझा भांड्यांचा साबण हल्ली फार लवकर संपतोय, कामवालीला विचारावं म्हणते. अक्षय्य तृतीयेला भट्टी सुरू करायची आहे. तेव्हा तरी ये. पार्वताबाई तुझी रोज आठवण काढते, आणि तिच्या आठवणीत तू अजून नवरीच आहेस.

तुझी,
विमल


अकोला
२४ एप्रिल २००७

प्रिय नसीम,

गुलफाम ठणठणीत आहे. हे पहिलं वाक्य आधी वाच, मग चष्मा पुसून पुढचं वाच.

इकडे उन्हानं कहर केलाय. कुलरची खसची ताटी बदलली. श्रावणीचे आंबे अजून पिकले नाहीत, पेंढ्यात घातलेत. पुष्करला सर्दी आहे, या उन्हात सर्दी कशी होते देव जाणे. शेजारच्या वकिलांच्या मुलीचं जमलं. तू म्हणशील, ही बाई गाडी फिरवून फिरवून आणते आहे. आणते आहे खरी.

अक्षय्य तृतीयेचा दिवस. आदल्या आठवड्यात कंपनीच्या माणसानं भट्टी पेटवून, सगळं तपासून दाखवलं होतं. निळी ज्योत मी स्वतः भोकातून पाहिली. त्यामुळे त्या दिवशी नुसती पूजा, नारळ आणि पहिली तूर जाळीवर. मी ठरवलं होतं की नारळ पार्वताबाई फोडेल. मी विधवा बाई, पुढे झाले तर चार जणी कुजबुजणार, आणि खरं सांगायचं तर त्या पटांगणावर तिचा माझ्यापेक्षा जास्त हक्क आहे. पुष्कर आणि श्रावणी पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेले. शुक्रवार होता, गुलफाम नमाजला गेला. राहिले मी, मुकादम खुशालराव, पार्वताबाई आणि वाळवणाच्या बायका.

आणि ऊन असं की फरशीवर पाय ठरेना. पाहुणे येणार, पार्वताबाईला त्या उन्हात बसवायचं कसं. खुशालराव म्हणाले, 'मांडव नाई तं कार्यक्रम कायचा?' मला ते पटलं. पुष्करनं सांगितलं होतं, आई, पूजा ओसरीत कर, भट्टीजवळ काही उभारू नकोस. मी मनात म्हटलं, ह्या पोरांना काय कळतं, तासाभराचा तर प्रश्न. मांडववाल्याला बोलावलं. भट्टीवरून कापड बांधलं, धुराड्याच्याही वरून, आणि झळ लागू नये म्हणून तिन्ही बाजूंनी कनाती लावल्या. चौथी बाजू गिरणीची भिंत. कनातीत एक फट ठेवली यायला-जायला. ती चुन्याची रेघ बोडकी दिसत होती म्हणून मी तिच्यावर रांगोळी काढली. गोपद्मं काढली, नसीम, तू हसायचीस ती माझी वाकडी गोपद्मं. रेघेच्या आत सतरंजी टाकली आणि पार्वताबाईला भट्टीच्या अगदी शेजारी मानानं बसवलं.

पाहुण्यांची गाडी उशिरा. मुहूर्त टळायला आला. पुष्करनं मला हिरवं बटण दाखवलं होतं. मी दाबलं. पंखा फिरला, मग भट्टी पेटली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. उदबत्त्या लावल्या, आरती म्हटली. माझे डोळे चुरचुरू लागले, मला वाटलं उदबत्तीनं. डोकं जड झालं, वाटलं उपास आहे. वास असा काहीच नव्हता. पार्वताबाईच्या हातात नारळ होता. ती म्हणाली, 'बाई, मले झोप येऊन राहिली.' आम्ही हसलो. मग तो नारळ तिच्या हातातून सुटून सतरंजीवर गडगडत गेला आणि ती कुशीवर कलली.

तेवढ्यात गुलफाम फाटकातून आत आला. नमाजची टोपी डोक्यावर तशीच. कनाती पाहून त्याला क्षणात कळलं असणार. ओरडला नाही. सरळ सिलिंडरच्या जाळीकडे धावला आणि मेन कॉक बंद केला. मग कोपऱ्यातला विळा घेऊन मांडवाचे दोर सटासट कापले, कनाती ओढून पाडल्या. पार्वताबाईला दोन्ही हातांवर उचलून लिंबाखाली नेलं. खुशालराव भांबावून पंखा बंद करायला गेले, तर तिथूनच म्हणाला, 'पंखा चालू राहू द्या काका, आतला धूर निघू द्या, भट्टी थंड होऊ द्या.' मग मला हाताला धरून बाहेर काढलं. मला चालता येत होतं, पण कुठे चालायचं ते सुचत नव्हतं.

डॉक्टरांनी पार्वताबाईला ऑक्सिजन लावला. संध्याकाळी ती उठून बसली आणि पहिलं वाक्य म्हणाली, 'नारळ फोडाचा राह्यला नं बाई.' आता घरी आहे, काल वाळवणावर यायला निघाली होती, मी परत पाठवलं. बाकी बायकांची डोकेदुखी दुसऱ्या दिवशी उतरली. भट्टी वाईट नव्हती, नसीम. मीच तिला कोंडलं. तिचा धूर बाहेर जाईना, तोच तिच्या तोंडात परत जात होता. त्या धुराला ना रंग ना वास. पुष्करनं मला शांतपणे समजावलं, आणि तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

सगळं निवल्यावर गुलफाम कुठे दिसेना. शोधलं तर ओट्यामागे जमिनीवर बसला होता. दोन्ही हात त्यानं मांड्यांखाली दाबून धरले होते. मी शेजारी बसले. म्हणाला, 'मावशी, अब्बाच्या वेळी कोणीच कॉक बंद केला नाई. सगळे होते तिथं. कॉक कुठं हाये हेच कोणाले माहीत नव्हतं.' मग तो रडला. मी त्याला लहानपणी जसं धरायचे तसं धरलं आणि मीही रडले. किती वेळ ते माहीत नाही.

आता साबणाचं सांगते. कामवालीनं काही घेतला नव्हता, हे ते लिहितानाही मला माहीत होतं. कंपनीचा माणूस नळी टाकून गेल्यावर मी एका सकाळी पाहिलं, गुलफाम साबणाचं पाणी आणि जुना ब्रश घेऊन नळीच्या एकेका सांध्याला फेस लावत होता. बुडबुडा फुगतो का ते बघत होता. एका ठिकाणी फुगला. त्यानं तो सांधा स्वतः उघडला आणि पुन्हा बसवला. मी त्याचा कान धरला. म्हटलं, मी तुझ्या आईला शब्द दिलाय. तेव्हा त्यानं सांगितलं की तो दीड वर्षापूर्वी नागपूरला जाऊन गॅसचं काम शिकून आला आहे, सरकारी परीक्षा देऊन. तुला सांगितलं पत्र्याचं मोठं काम आहे. माझ्या पाया पडला, 'अम्मीले सांगू नका.' मी नाही सांगितलं. तुला दिलेला शब्द मोडताना पाहिला आणि माझा साबण देत राहिले. मागच्या पत्रात दिवसभर पत्रा ठोकतो असं लिहिलं, तेव्हा माझा हात अडखळला होता.

आता तू रागाव. मला रागाव, त्याला रागावू नकोस. त्यानं हात लावला नसता तर पार्वताबाई आज नसती, आणि हे पत्र लिहायला मीही असते की नाही कोण जाणे. तू काय म्हणशील त्याची त्याला फार भीती आहे. तू नको म्हटलीस तर सोडून देईन म्हणतो, आणि मला माहीत आहे की तो खरंच सोडेल. भट्टी बंद ठेवली आहे. पुष्कर म्हणाला सुरू करू, गुलफाम म्हणाला अम्मीचं पत्र येऊ दे.

ये असं आता कोणत्या तोंडानं लिहू.

शब्द मोडलेली, तरी तुझीच,
विमल


अमरावती
२ मे २००७

विमल,

सलाम. प्रिय-बिय नंतर पाहू.

तू सांगितलं तसं बोलल्यासारखं लिहून राहिली. अफिफा, माह्या भावाची नात, शेजारी बसून हसून राहिली की आजी मराठी अशी लिहितात काय. तिले म्हटलं, दूर हो, हे दोन म्हाताऱ्यांचं चालू हाये.

तुह्यासारखी शिकलेली बाई मशीनवर मांडव घालते. गोपद्मं काढते. तिथं तुले कोणी झोडपाले नव्हतं म्हणून, मी असती तं तुले दोरीनं झोडपलं असतं, तसं आपण पोरायले झोडपत होतो. पार्वताबाईले माह्याकडून विचार. तिच्यासाठी संत्र्याची बर्फी पाठवून राहिली, तू त्यातली खाऊ नको.

आता ऐक. साबण लवकर संपून राहिला असं तू लिहिलं, तवाच मले समजलं. पत्रेवाल्याच्या घरची बाई हाये मी. पत्र्याले साबण कायले लागते? अन् नागपूरचं तं मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पत्र्याचं मोठं काम हाये म्हणे, अन् हातोडा घरीच ठेवून गेला. त्याच्या बापाचा हातोडा खुंटीले लटकलेला, अन् हा म्हणते कामावर चाललो. मी तोंडानं नाई-नाई म्हणत राहिली, अन् डब्यात दोन पोळ्या जास्त बांधत राहिली. त्याले वाटे अम्मीले समजत नाई. मले वाटे त्याले समजत नाई. आमी दोघं असेच जेवत होतो समोरासमोर.

मंग तुह्याकडून शब्द कायले घेतला, असं विचारशील. मी सोतालेच विचारलं. तुह्या पत्रावर चार दिवस बसली मी.

विमल, त्यायनं, गुलफामच्या अब्बानं, कुठं गॅसले हात लावला होता? ते तं पत्राच ठोकून राहिले होते. त्या हॉटेलात चुलीवरचं धुराडं बसवाले गेले होते, बस. नळी गळून राहिली, ते त्यायले समजलं नाई, हॉटेलवाल्याले समजलं नाई, कोणालेच समजलं नाई. अन् मी इतके वर्ष पोराले सांगत राहिली, बाप्पा, तू फक्त पत्राच ठोक.

तवा तू शब्द मोडला नाई. मीच उलटा शब्द मागितला होता. गुलफामले सांग, अम्मीनं सांगितलं की सोडाचं नाई. रडला असंही तू लिहिलं, ते बरं केलं. बाप गेला तवा तो रडला नव्हता. सगळे म्हणत होते पोरगा मजबूत हाये, अन् मले भेव वाटे.

माह्या खोलीच्या जागी भट्टी बसली ते वाचून मी खूप येळ बाहेर जाऊन बसली. त्या खोलीत तू झोपायची अन् मी दारात बसून पाहारा द्यायची, तुही सासू येते काय म्हणून. तिथंच गुलफाम झाला. त्या चुलीवर त्यायनं माह्यासाठी पहिल्यांदा चहा केला होता, साखर टाकाले विसरले होते, अन् मी सांगितलं नाई. जागा दुसऱ्या कोणाले गेली असती तं वाईट वाटलं असतं. तुरीले गेली. तुरीनंच आपल्याले खाऊ घातलं.

पुढच्या सोमवारी सकाळच्या एसटीनं येऊन राहिली. बस स्टँडवर गुलफामले पाठव. त्या कपड्याच्या दुकानावरूनच जाऊ, दुसरा रस्ता घेऊ नका. मले एकदा पाहाचं हाये. मंग गिरणीत येईन. पार्वताबाईले बसव, तिच्या हातानं नारळ फोड, अन् भट्टी गुलफामच्या हातानं पेटव, माह्यासमोर.

मांडव घालू नको. मी उन्हात बसीन.

तुही,
नसीम